दशांश ग्रॉसवर की इन-हँडवर? वाचकांचे प्रश्न, खजिनदार ताईंची उत्तरं

गेल्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेले की रविवारी चर्चमध्ये दानासाठी फिरते त्या थैलीतल्या नोटा बघितल्या की मंडळीची, म्हणजे त्या चर्चच्या लोकांची, तब्येत कळते, आणि त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप आले की यावेळचं अख्खं सदर दशांश (कमाईचा दहावा हिस्सा देवाला देणं) आणि दानार्पणावरच करायचं ठरवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मी पाळकबाई नाही आणि सेमिनरीत वगैरे काही शिकलेली नाही. बँकेत ३१ वर्षं काढली, रिटायर झाले आणि मग नाशिकच्या आमच्या मंडळीत नऊ वर्षं खजिनदार होते. उपासना संपली की वेस्ट्रीत (चर्चच्या बाजूच्या खोलीत) टेबलावर थैल्या उलट्या करायच्या आणि आम्ही तिघी मोजायला बसायचो, त्यात चार घड्या घातलेली दहाची नोट, दुकानदाराने घेतली नाही म्हणून देवाच्या गळ्यात मारलेली फाटकी पन्नासची, एकदा शर्टाचं बटण, एकदा सिटीलिंक बसचं तिकीट, असं सगळं निघायचं. आणि कधी कधी एखादं पाकीट निघायचं, नाव नाही काही नाही, आत कोऱ्या पाचशेच्या नोटा, दर महिन्याला तेवढ्याच. त्या नऊ वर्षांच्या जिवावरच मी इथे बोलतेय, बाकी बायबल सगळ्यांच्या घरात आहेच.

प्रश्न : ताई, सलाम. मी अंबडला एका कंपनीत आहे. ग्रॉस २८,५०० आणि हातात २४,२०० येतात. घराचा हप्ता ९,८०० जातो, आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिस आहे. आमच्या फेलोशिपमध्ये सांगतात की दशांश ग्रॉसवर द्यायचा, म्हणजे २,८५०, आणि नाही दिला तर बायबलमधल्या मलाखीच्या तिसऱ्या अध्यायाप्रमाणे तुम्ही देवाला लुटताय. मला खरंच झोप लागत नाही. मी चोर आहे का? – एक भाऊ, सिडको

भाऊ, आधी आईचं डायलिसिस. हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, बायबलमध्ये मार्क ७ (पुस्तकाचं नाव आणि अध्याय) उघडा. तिथे येशू शास्त्री-परूश्यांना कशावरून झाडतो तर कुर्बानवरून. म्हणजे लोक काय करायचे, आईबापाला जे द्यायचं ते 'हे देवाला अर्पण केलंय' म्हणून जाहीर करायचे आणि मग आईबापाला हात वर, आणि धर्माचे पुढारी त्याला मान डोलवायचे. येशू म्हणतो असं करून तुम्ही देवाचं वचन रद्द करता. प्रेषित पौल तर १ तीमथ्य ५ मध्ये त्याच्याही पुढे जातो, जो घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट. त्यामुळे आईच्या मशीनचे पैसे काढून थैलीत टाकायला कोणी सांगत असेल तर तो माणूस मलाखी वाचतोय पण मार्क वाचत नाहीये. (आणि एक व्यवहाराचं, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राकडे विचारलंत का? नसेल तर सोमवारी पहिलं काम ते.)

आता मलाखी. हे वचन इतक्या वेळा फेकून मारलं जातं की त्याच्या आजूबाजूला काय आहे हे कोणी बघतच नाही. तिसऱ्या अध्यायाच्या ८ ते १० ओवींत लुटल्याचं आणि सगळा दशांश भांडारात आणायचं आहे, खरं आहे. पण तीनच ओव्या वर, पाचव्या ओवीत देव कोणावर चालून येतो म्हणतोय ते पण बघा, त्या यादीत मजुराची मजुरी दाबणारा आहे आणि विधवेला, पोरक्याला, परक्याला छळणारा आहे. आणि भांडार म्हणजे काय तर मंदिरातल्या धान्याच्या खोल्या. नहेम्या १३ मध्ये त्याची गोष्टच आहे, लोकांनी हिस्सा देणं बंद केलं तर लेवी (मंदिराची सेवा करणाऱ्या वंशाचे लोक) आणि गाणारे मंदिर सोडून आपापल्या शेतावर निघून गेले, कारण पोटाला काही नाही. लेव्यांना इतर वंशांसारखा जमिनीचा वाटा दिलेला नव्हता, म्हणून गणना १८ प्रमाणे दशांश ही त्यांची रोजीरोटी होती, आणि त्यांनीसुद्धा मिळालेल्या दशांशाचा दशांश याजकांना द्यायचा होता. म्हणजे मलाखी ओरडतोय ते कोणाचं तरी जेवण बंद झालंय म्हणून.

आणि ज्यांना नियमशास्त्रच (मोशेचे जुने नियम) लावायचंय त्यांनी पूर्ण लावावं ना, दहावर का थांबतात? लेव्यांचा एक दशांश, अनुवाद या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायातला सणाचा एक, आणि दर तिसऱ्या वर्षी गावातल्या गोरगरिबांचा, असे वेगवेगळे धरले तर सरासरी २० टक्क्यांच्या वर जातं असं बरेच अभ्यासक म्हणतात. आणि तो सगळा शेतातला आणि गोठ्यातला, धान्य, द्राक्षारस, तेल, गुरं. पगारी माणसाच्या पेमेंट स्लिपवर त्यात एक अक्षर नाही. लेवीय २७ मध्ये गुरांचा दशांश कसा, तर काठीखालून मोजताना जे दहावं जनावर जाईल ते परमेश्वराचं. आता ज्याच्याकडे नऊच शेळ्या आहेत त्याचं दहावं जनावर येणार कुठून? मला हा नियम फार आवडतो बाई, गरिबाला त्यात आपोआप सूट आहे आणि कोणासमोर अर्ज करायला लागत नाही.

अनुवाद १४ तर लोकांना वाचून दाखवलं की विश्वास बसत नाही. तिथे म्हटलंय की तो दशांश घेऊन परमेश्वर निवडेल त्या ठिकाणी जा आणि आपल्या घरच्यांबरोबर तो खा, आनंद करा. लांब असेल तर विकून पैसे कर, तिथे जाऊन तुला आवडेल ते घे आणि खा. दशांशाची पंगत! हे प्रवचनात मी तरी अजून ऐकलेलं नाही.

मग ख्रिस्ती माणसाला दशांश लागू आहे का नाही? माझं मत, द्यायचं बंधन आहे आणि दहा टक्के हे चांगलं माप आहे, पण ते बिल नाही. अब्राहामाने मलकीसदेक नावाच्या याजकाला दिला तो लढाईतल्या मिळकतीचा, नियमशास्त्राच्या आधी, आणि कोणी मागितला नव्हता. येशू मत्तय २३ मध्ये पुदिना, शेप, जिऱ्याचा दशांश मोजून देणाऱ्यांना म्हणतो की न्याय, दया आणि विश्वास हे जास्त महत्त्वाचं सोडून दिलंत, हे करायचं आणि तेही सोडायचं नाही. पौल करिंथकरांना लिहितो तेव्हा टक्का सांगतच नाही, आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याला जसं यश मिळेल तसं बाजूला काढून ठेवा म्हणतो. दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तर स्वच्छ आहे, माणसापाशी जे आहे त्याप्रमाणे दान मान्य होतं, जे नाही त्याप्रमाणे नाही.

तर ग्रॉस की इन-हँड, तुमच्या बाबतीत हा ४३० रुपयांचा प्रश्न आहे आणि त्यासाठी झोप घालवू नका. इन-हँडवर धरा. पीएफ हातात येईल तेव्हा त्याचा विचार त्या वेळी करा. आणि आत्ता २,४२० पण जमत नसतील तर ५०० ठरवा, पण ठरवा, महिन्याच्या एक तारखेला वेगळे काढा आणि डायरीत लिहा. उरलं तर देऊ असं म्हणणाऱ्याकडे कधीच उरत नाही, हे मी बँकेत पण पाहिलं आणि वेस्ट्रीत पण. हे मी तुम्हाला सांगतेय, पण जे हे वाचून खूश झालेत ना की चला सुटलो, त्यांच्यासाठी वेगळं, रविवारी चर्च सुटलं की चौघांची मिसळ चारशे-पाचशेला पडते आणि त्याच सकाळी थैलीत वीसची नोट गेलेली असते, आणि ती पण सुट्टे करून आणलेली. त्यांच्या घरी कोणाचं डायलिसिस चालू नाहीये.

प्रश्न : दिंडोरीकडे माझा तीन एकर द्राक्षबाग आहे. यंदा अवकाळीने मणी तडकले, तरी ९ लाखांचा माल गेला, पण औषधं, मजुरी, सोसायटीचं व्याज धरून साडेसात लाख खर्च आहे. दशांश ९ लाखांचा धरायचा का दीड लाखाचा? एक पास्टर म्हणतात प्रथमफळ आहे, पहिल्या गाडीचे सगळे पैसे द्या. – एक शेतकरी

दादा, दीड लाखाचा. माल विकून आलेल्या पैशावर दशांश लावला तर ९० हजार होतात, आणि तुमच्याकडे उरलेत दीड लाख, म्हणजे उरलेल्यातले साठ टक्के गेले, याला दशांश कोण म्हणेल. पहिल्या पेंढीचा, प्रथमउत्पन्नाचा नियम आहे खरा, पण तो याजकाला टोपलीभर न्यायचा होता (अनुवाद २६ मध्ये टोपलीच लिहिलीये), अख्खी गाडी नाही. आणि त्या काळच्या शेतकऱ्याने ऑक्टोबर छाटणीपासून दर दोन-चार दिवसांनी फवारणीचं बिल भरलेलं नव्हतं. बियाणं घरचं, बैल घरचे. आज माल गेला ते ९ लाख तुमचे नाहीतच, त्यातले निम्मे दुकानदाराचे आणि सोसायटीचे तुमच्या हातून फक्त फिरून गेले.

पण एक विचारते, राग नका मानू. पेठ-सुरगाण्याकडून जे मजूर छाटणीला, थिनिंगला येतात त्यांचा हिशोब पूर्ण झालाय ना? कारण याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात कापणी करणाऱ्यांची अडकवलेली मजुरीच ओरडते आणि ती आरोळी थेट परमेश्वराच्या कानी जाते. तो आधी चुकता करा, मग दशांश. उलट क्रमाने केलेलं चालत नाही.

आणि पैसे नाहीत तर माल द्या की. आमच्याकडे कापणीच्या सणाला अजून लिलाव होतो, कोणी भोपळा आणतं, कोणी अंडी, कोणी कोथिंबिरीची जुडी, आणि एक वर्ष एका भावाने द्राक्षाचं एकच क्रेट आणलं होतं, त्याची पण बाग गेली होती त्या साली, तर ते क्रेट पहिल्यांदा ११०० ला गेलं, घेणाऱ्याने परत टेबलावर ठेवलं, परत बोली, परत ठेवलं, असं चार वेळा झालं आणि शेवटच्याने ते संडे स्कूलच्या पोरांना वाटून टाकलं. त्या क्रेटचे जमा झाले साडेपाच हजार. पावती कोणाच्या नावाने फाडायची यावर आमचा अर्धा तास वाद झाला, शेवटी ज्याने क्रेट आणलं त्याच्या नावाने फाडली आणि तो माणूस पावती हातात धरून रडला.

हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटी द्राक्षवेलीला फळ न येण्याचं वर्ष आहे, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन असं तो म्हणतो. त्यात तो 'तरी मी दशांश देईन' असं म्हणत नाही हे पण बघा. आणि दोन करिंथ ८ मध्ये पौल म्हणतो तुमच्या विपुलतेतून त्यांची गरज आणि कधी त्यांच्या विपुलतेतून तुमची. म्हणजे यंदा मंडळीने तुम्हाला विचारायला पाहिजे, भाऊ काही लागतंय का. विचारलं का कोणी?

प्रश्न : माझे मिस्टर चर्चला येत नाहीत आणि देण्याच्या विरोधात आहेत. मी किराण्याच्या पैशातून वाचवून गुपचूप देते. हे पाप आहे का? – एक भगिनी, पाथर्डी फाटा

पाप वगैरे नका म्हणू, पण गुपचूप नको. एक दिवस कळतं आणि मग भांडण पैशाचं राहत नाही, चर्चचं होतं. मिझोरामच्या बायकांचं करा. तिथे १९१० पासून एक रीत आहे, स्वयंपाकाला तांदूळ काढला की त्यातला मूठभर बाजूला ठेवायचा, सकाळी एक मूठ, संध्याकाळी एक, आणि तो गोळा करून मंडळीला द्यायचा. गरीब डोंगरातल्या बायका, पैसा हातात नव्हता, पण मुठीतून तिथल्या मंडळीचं केवढं काम उभं राहिलं. मिस्टरांसमोर मूठ काढा. तांदळाला सहसा कोणी नवरा नाही म्हणत नाही, आणि म्हणालाच तर मला परत लिहा.

प्रश्न : माझी मावशी, वय ६४, एकटी असते. मोबाईलवर एका पास्टरची मीटिंग बघून तिने कानातले मोडून ११,००० चं 'बीज' पेरलं, शंभरपट येईल म्हणून. आता ती रोज वाट बघते. तिला काय सांगू? – एक वाचक, देवळाली गाव

हे वाचून माझा स्वयंपाक करपला, खरं सांगते. मावशीला काही सांगू नका आत्ता. तिच्याकडे जा, सोबत जेवा, महिन्याचं रेशन भरून द्या. तिची श्रद्धा खरी आहे, खोटा समोरचा आहे.

तुमच्यासाठी मात्र सांगते, कारण अशा मीटिंगमध्ये नेहमी विधवेच्या दोन टोल्यांची (बारीक नाण्यांची) गोष्ट काढतात. मार्क १२, शेवटचा भाग. पण ती गोष्ट सुरू व्हायच्या बरोब्बर आधीची ओवी, चाळिसावी, कोणी वाचत नाही, त्यात येशू म्हणतो शास्त्री विधवांची घरं खाऊन टाकतात आणि दिखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात. आणि लगेच एक विधवा येते आणि आपली सगळी उपजीविका टाकते. मला तर वाटतं येशू तिथे बसून आधी जे बोलला तेच डोळ्यासमोर घडताना बघतोय. तिचं कौतुक आहेच, पण तिला शंभरपट परत मिळालं असं त्यात कुठे लिहिलंय? तो तिला बोलावून वचनही देत नाही. आणि 'जो सढळ हाताने पेरतो' हे जे २ करिंथ ९ मधलं वचन बीजवाले वापरतात, ते यरुशलेमेतल्या गरीब भावंडांसाठी गोळा करायच्या मदतीबद्दल आहे, बोलणाऱ्याच्या गाडीच्या हप्त्याबद्दल नाही.

एक साधी गोष्ट सगळ्यांनीच करा, क्यूआर कोड स्कॅन केला की पैसे पाठवायच्या आधी वर नाव येतं. ते ट्रस्टचं किंवा मंडळीचं आहे का एखाद्या माणसाचं, ते बघा. माणसाचं असेल तर ते दान नाही, तुम्ही त्या माणसाला पैसे दिलेत एवढंच.

प्रश्न : मी दशांश चर्चला न देता शेजारच्या हुशार मुलीची फी भरतो. चालेल का? – शरणपूर रोड

चालेल, आणि देव तुमचं भलं करो. अनुवाद १४ मधला तिसऱ्या वर्षाचा दशांश गावातच ठेवून लेवी, परका, पोरका आणि विधवा यांनी पोटभर जेवावं यासाठीच होता.

पण सगळाच तिकडे नेऊ नका. तुम्ही ज्या बाकावर बसता त्याच्या वरच्या पंख्याचं बिल कोणीतरी भरतंय. आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांची एक जुनी सवय आहे बघा, म्हणजे मला असं वाटतं, आणि ती तुमच्या रस्त्याच्या नावातच आहे. चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकला १८३२ मध्ये काम सुरू केलं आणि पुढे शरणपूर वसवलं, नावच शरण आलेल्यांचं गाव. जातीतून, घरातून बाहेर काढलेले लोक, त्यांना घर मिशनने दिलं, शाळा मिशनने दिली, पाळकाचा पगारही विलायतेच्या लोकांच्या दानातून. त्या पिढीला दुसरा रस्ताच नव्हता, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण मिशन गेलं, १९७० मध्ये सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, आणि आपल्या डोक्यात मात्र 'कंपाउंडचं मिशन बघेल' हे तसंच राहिलं. गळकं छप्पर दिसलं की आपण अजून वर बघतो, पत्र्याकडे नाही, परदेशाकडे. आणि पाळकांचे पगार तर विचारूच नका, काही ठिकाणी महिनोन् महिने थकतात, आणि त्यांनी प्रवचन मात्र दर रविवारी ताजं द्यायचं. गलती ६ मध्ये आहे, वचनाचं शिक्षण घेणाऱ्याने शिकवणाऱ्याला वाटा द्यावा.

मी स्वतः निम्मं-निम्मं करते. हा नियम नाही, माझी सोय आहे.

प्रश्न : आम्ही कॅथलिक. आमच्या फादरांनी कधी दशांश मागितला नाही. आमच्याकडे नसतो का? – नाशिक रोड

टक्का नसतो, कर्तव्य असतं. चर्चच्या ज्या पाच आज्ञा शिकवतात त्यात आपापल्या ऐपतीप्रमाणे चर्चच्या गरजा भागवणं आहे. एकेकाळी टक्का होता, युरोपात ५८५ च्या माकोनच्या धर्मसभेने दशांश न देणाऱ्याला बहिष्कृत करायचं ठरवलं, पुढे राजा शार्लमेनने तो कायद्याने लावला, आणि मग शेकडो वर्षं शेतकरी तो सारा भरून इतका वैतागला की फ्रान्समध्ये १७८९ ला क्रांती झाल्या झाल्या रद्द केला. त्याच्या खूप आधी, इ.स. १५० च्या सुमारास, रोममध्ये जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक लिहून गेलाय की ज्याला जमतं आणि इच्छा आहे तो स्वतः ठरवेल तेवढं देतो आणि ते अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परके यांच्यासाठी वापरतात. बाळ येशूच्या यात्रेला तुम्ही मेणबत्ती लावता ते वेगळं, ती भक्ती. पॅरिशचं पाकीट वेगळं.

प्रश्न : आमची कमिटी तीन वर्षं हिशोब दाखवत नाही. विचारलं तर 'देवाच्या कामात शंका घेता' म्हणतात. शिवाय चर्चच्या देणगीवर टॅक्समध्ये सूट मिळते का? – नाव छापू नये

शंका पौलाच्या मनात पण होती, स्वतःबद्दल! २ करिंथ ८, ओवी २० आणि २१ वाचा, एवढी मोठी रक्कम नेताना कोणी आम्हाला दोष देऊ नये म्हणून तो एकटा नेत नाही, मंडळ्यांनी निवडलेला भाऊ सोबत घेतो, आणि म्हणतो फक्त प्रभूच्या नाही तर माणसांच्या नजरेतही योग्य ते आम्ही बघतो. नहेम्यानेसुद्धा भांडारावर एक माणूस नेमला नाही, याजक, शास्त्री, लेवी असे वेगवेगळे नेमले आणि सोबत मदतनीस दिला, कारण ते विश्वासू समजले जायचे. मी खजिनदार होते तेव्हा दर महिन्याला जमा-खर्च नोटीस बोर्डावर लावायचे आणि एक म्हातारे काका दर वेळी तीन-चार रुपयांची चूक काढायचे, मला राग यायचा, पण त्यांच्यामुळे नऊ वर्षांत एक रुपया इकडेतिकडे झाला नाही.

तुम्ही काय कराल, तर आधी लेखी अर्ज द्या, एकट्याने नाही, आठ-दहा सभासदांच्या सहीने, वार्षिक सभेत ऑडिट रिपोर्ट ठेवावा म्हणून, आणि पोच घ्या. भाषा नम्र ठेवा, 'लुटारू' वगैरे लिहू नका. ट्रस्ट नोंदलेला असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० प्रमाणे हिशोब ठेवणं आणि तपासून घेणं बंधनकारक आहे, त्यांच्या मेहेरबानीचा प्रश्न नाही. धर्मादाय आयुक्त कार्यालयात परिशिष्ट १ चा उतारा मागता येतो, त्यात विश्वस्त कोण हे कळतं, कधी कधी त्यात वारलेल्या माणसांची नावं निघतात, तेवढी तयारी ठेवा. कोर्टात जायची घाई मात्र करू नका, आपल्या चर्चांच्या कोर्टकेसेसमध्ये वकिलांची घरं बांधून झाली आणि छप्पर तसंच गळतंय. तोपर्यंत दान बंद करू का असं पुढे विचाराल, तर बंद नका करू, वळवा. लाईटबिल थेट भरा, संडे स्कूलची पुस्तकं आणून द्या, पावती ठेवा.

टॅक्सचं : ज्याला सगळे ८०जी म्हणतात ती सूट सहसा एकाच धर्माच्या समाजासाठी असलेल्या ट्रस्टला लागू होत नाही, नवीन करपद्धतीत तर ती नाहीच, आणि जिथे मिळते तिथेही २,००० च्या वरची रोख देणगी चालत नाही. मंडळीच्या पावतीवर ८०जीचा नंबर छापलेला असेल तरच सीएकडे न्या. दशांश टॅक्स वाचवायला द्यायचा असेल तर एलआयसी बरी.

प्रश्न : माझा आठ वर्षांचा मुलगा थैलीत टाकायला दिलेल्या दहा रुपयांतले पाच खिशात ठेवतो आणि चर्चबाहेर कुल्फी खातो. मारू का? – एक आई, जेल रोड

अजिबात नको. पहिलं म्हणजे ते दहा रुपये त्याचे नाहीतच, तुमचे आहेत, तो फक्त पोस्टमन आहे आणि पोस्टमनला कमिशन हवंय. त्याला आठवड्याला वीस रुपये स्वतःचे द्या, त्यातले किती टाकायचे ते तो ठरवेल, दोन टाकले तर दोन, तुम्ही बघायचं नाही. एखाद्या रविवारी तो सगळेच टाकेल आणि घरी येऊन कुल्फीसाठी रडेल, त्या दिवशी तुम्ही घेऊन द्या. आणि कुल्फी उपासना सुटल्यावर, आधी खाल्ली तर थैलीतल्या नोटा चिकटतात, मोजणाऱ्या बाईला फार त्रास होतो.